रोप लावून केलेला स्वीट कॉर्न : शेणखत किती, युरिया किती आणि कधी? (बेळगाव-खानापूर-निपाणी-अथणी)

तांबडमाती

नमस्कार मंडळी. आमच्या उचगाव-बेळगुंदी पट्ट्यात भात निघालं की मसूर आणि वाटाणा ही ठरलेली पिकं. आता ज्यांच्याकडे विहीर-बोअरचं पाणी आहे ते त्याच रानात स्वीट कॉर्न घ्यायला लागलेत. त्यातले बरेच जण बी टोकत नाहीत, ट्रेमधली रोपं आणून लावतात. मीही रोपच लावतो. हा धागा फक्त त्याच्या खताबद्दल आहे, कारण दुकानात मिळणारा तक्ता टोकलेल्या मक्याचा असतो. तो तसाच्या तसा रोपाला लावला की कणीस आखूड राहतं, टोक मोकळं राहतं, आणि दोष बियाण्याच्या कंपनीला जातो.

आधी रोप का, ते थोडक्यात. अतिगोड जातींचं बी वाळल्यावर सुरकुतलेलं, हलकं असतं. त्यात पिष्ट कमी, म्हणून कोंबाला जोर कमी. गार, ओल्या मातीत ते कुजतं. बी महाग, आणि कावळे-मोर उकरून खातात ते वेगळंच. शिवाय भात अजून शेतात उभं असताना ट्रे भरता येतात, म्हणजे रान मोकळं झालं की दहा-बारा दिवसांचं रोप तयार असतं.

आता मुद्दा. तक्त्यात लिहिलेलं असतं, युरियाचा पहिला हप्ता तीस दिवसांनी. टोकलेल्या मक्याचे तीस दिवस बी पडल्यापासूनचे. आपण मात्र लागणीपासून मोजतो. रोप ट्रेमध्ये बारा दिवस आधीच जगलेलं असतं, म्हणजे आपण युरिया देतो तेव्हा झाड बेचाळीस दिवसांचं झालेलं असतं. कणसाला दाण्यांच्या किती ओळी येणार हे साधारण सात-आठ पानांच्या सुमारास ठरतं. त्या वेळी झाड उपाशी असेल तर नंतर कितीही युरिया फेका, ओळी वाढत नाहीत. म्हणून माझं म्हणणं एवढंच : रोपाच्या मक्याला दिवस मोजू नका, पानं मोजा.

आणि याच कारणासाठी सेंद्रिय खताचीही वेळ बदलते. शेणखतातलं नत्र (नायट्रोजन) सावकाश सुटतं. डिसेंबरच्या थंडीत तर आणखी सावकाश. लागणीच्या दिवशी सरीत शेणखत टाकलं तर ते झाडाच्या उपयोगी पडेपर्यंत तुरा दिसायला लागतो. चांगलं कुजलेलं खत लागणीआधी दोन-तीन आठवडे मातीत मिसळलेलं असलं पाहिजे. भाताचं रान उशिरा मोकळं होत असेल आणि तेवढी सवड नसेल, तर शेणखताऐवजी गांडूळखत घ्या, ते लवकर लागू पडतं.

एकराचा माझा हिशोब असा. ओलिताच्या संकरित मक्याला आपल्याकडे हेक्टरी १५० किलो नत्र धरतात, म्हणजे एकरी ६०. त्यातला पाव हिस्सा, १५ किलो, सेंद्रिय खतातून. गांडूळखतात दीड टक्का नत्र धरलं तर एक टन, शेणखतात अर्धा टक्का धरला तर तीन टन. उरलेलं ४५ किलो रासायनिक. १०:२६:२६ च्या दोन पिशव्या लागणीला, त्यातून १० किलो नत्र आणि २६-२६ किलो स्फुरद (फॉस्फरस) आणि पालाश (पोटॅश) येतो. राहिलं ३५ किलो नत्र, म्हणजे ७६ किलो युरिया. तो तीन वेळा : रोप सावरून पाचवं पान उघडलं की २५ किलो, आठ पानांवर मातीची भर देताना ३०, आणि तुरा पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या मिटलेल्या पानांत, जाणवायला लागला की राहिलेला.

मिश्रखत मुळाला चिकटून नको, चार बोटं बाजूला पडावं. बाकी आपापले अनुभव लिहा.

नवं_रान

काका, मी पुण्याहून परत आलोय, कडोलीजवळ वडिलांची जमीन आहे. यंदा पहिल्यांदा १० गुंठ्यांत करायचं म्हणतोय. रोपं किती लागतील? आणि आमच्याकडे ट्रॅक्टरभर शेणखत आहे, मग युरिया टाळता येणार नाही का?

तांबडमाती

६० बाय २० सेंटीमीटरवर लावलंस तर एका झाडाला ०.१२ चौरस मीटर जागा. १० गुंठ्यांत साधारण ८,४०० रोपं. ९८ कप्प्यांचे ट्रे असतील तर ८६ लागतील, सांधायला म्हणून ९० सांग. खत एकराच्या पाव : १०:२६:२६ अर्धी पिशवी, युरिया १९ किलो, शेणखत पाऊण टन. लांबच लांब दोन-तीन ओळी लावू नकोस, चौकोनी तुकडा कर. मक्याचा पराग वाऱ्याने पडतो. अरुंद पट्ट्यात तो बाजूला उडून जातो आणि कणसं खिळखिळी भरतात.

युरियाचं म्हणशील तर तुझं शेणखत नक्की वापर, ते हवंच. आपली माती तांबडी, आम्लधर्मी. त्यात लोह आणि ॲल्युमिनियम स्फुरदाला धरून ठेवतात. त्यात भातानंतरचं रान, चिखलणीने खाली घट्ट थर झालेला, आणि पाणी निघून गेल्यावर स्फुरद आणखी आखडतो. शेणखत असलं की मिश्रखतातला स्फुरद मुळाला जास्त मिळतो, आणि पाणी धरून राहतं. पण पहिल्या महिन्यात झाडाला जे नत्र लागतं ते या थंडीत एकट्या शेणखतातून सुटणार नाही.

गोठा_आणि_रान

निपाणीहून लिहितोय. तांबडमाती दादा, राग मानू नका, पण तुमचा हिशोब कागदावरचा आहे. माझ्या गोठ्यात देशी गाई आहेत, मी रासायनिक खताची पिशवी शिवारात आणत नाही. दर पंधरवड्याला पाण्यातून जीवामृत : २०० लिटर पाणी, १० किलो शेण, गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. जोडीला घनजीवामृत (त्याचाच कोरडा प्रकार) आणि लिंबोळी पेंड. माती कशी झालीय ते येऊन बघा, खुरप्याला लागते ती हलकी. गांडुळं वर दिसतात. आणि कणसाची गोडी गिऱ्हाईक विचारत येतं. माती मेली तर तुमचा युरिया कुठं टाकणार?

तांबडमाती

राग कसला, तुमच्या मातीबद्दल बोलताय ते मला मान्यच आहे. वर्षानुवर्षं शेणखत पडलेल्या रानाची गोष्ट वेगळी, तिथं मातीतच साठा झालेला असतो. पण नव्या माणसानं पहिल्याच वर्षी फक्त जीवामृतावर भरवसा ठेवला तर त्याचं पीक उपाशी राहील. तुम्ही लिहिलेल्या २०० लिटरात १० किलो शेण आहे. त्यातलं नत्र ग्रॅममध्ये मोजावं लागतं, आणि बेसन-गोमूत्राचं धरलं तरी एकरी ६० किलोच्या गरजेपुढे ते नगण्य. जीवामृत जिवाणूंसाठी आहे. जिवाणू मुख्यतः आहे ते कुजवतात, नवं नत्र फार थोडं आणतात. लिंबोळी पेंडीत साधारण ५ टक्के नत्र असतं. २०० किलो पेंड म्हणजे १० किलो, ते मात्र मोजण्याजोगं आहे.

पूर्ण सेंद्रिय करायचंच असेल तर मला एक वाट दिसते : आधी ताग. फुलावर येताना गाडला की पुढच्या पिकाला चांगलं नत्र मिळतं. पण आमच्या पश्चिम भागात पावसाळ्यात त्याच रानात भात असतं, तागाला जागाच नाही. तुमच्याकडे माळाचं रान असेल तर जमेल.

गोडीबद्दल एक सांगतो. स्वीट कॉर्नची गोडी मुख्यतः जातीत असते आणि तोडणीच्या दिवसात असते. केस बाहेर पडल्यापासून अठरा ते बावीस दिवसांत, केस तपकिरी होऊन दाणा दाबला की दूध उडतं तेव्हा तोडलं, तर गोड. चार दिवस उशीर झाला की दाणा पिठूळ. खत सेंद्रिय असो वा रासायनिक, ते हे बदलू शकत नाही.

ट्रेवाली_अक्का

खतावर इतकं लिहिताय, पण रोप बिघडलं तर पुढं कुठलंच खत कामाला येत नाही, म्हणून मध्येच लिहिते. मी रोपवाटिका चालवते.

मक्याचं रोप टोमॅटो-मिरचीसारखं समजू नका. मिरचीचं रोप महिनाभर ट्रेमध्ये राहिलं तरी सावरतं. मका नाही. त्याचं मूळ आठ दिवसांत कप्प्याच्या तळाला जातं आणि मग गुंडाळायला लागतं. दोन-तीन पानांवर, दहा ते बारा दिवसांत, जास्तीत जास्त पंधरा, रोप रानात गेलंच पाहिजे. त्यापुढचं रोप स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. ते बुटकं राहतं, लवकर तुऱ्यावर येतं आणि कणीस मुठीएवढं.

कोकोपीटमध्ये अन्न नसतं. बियातही जोर कमी. म्हणून दुसरं पान उघडलं की मी १९:१९:१९ लिटरला दोन ग्रॅम एकदा देते. जास्त दिलं तर रोप लुसलुशीत होतं आणि लागणीनंतर मान टाकतं. शेवटचे दोन दिवस सावली काढायची, पाणी कमी करायचं. कोकोपीटमध्ये थोडं चाळलेलं गांडूळखत मिसळलेलं चालतं, कच्चं शेण अजिबात नाही.

लागण संध्याकाळी करा. सरी आधी भिजवून घ्या, मुळाभोवतीचा गड्डा फुटू देऊ नका आणि लावलं की लगेच हलकं पाणी. ज्यांना भातानंतर लावायचंय त्यांनी कापणीच्या तारखेचा अंदाज मला आधी कळवा. मळणी लांबली की रोप म्हातारं होतं, ते थांबवता येत नाही.

मलप्रभाकाठ

खानापूरहून. आमच्याकडं पावसात लावायचं म्हटलं की सगळंच वेगळं बगा. कणकुंबी-जांबोटीच्या अंगाला पाऊस धो धो. तिथं पावसाळ्यात मका नकोच म्हणीन मी, पण खानापूर-नंदगडच्या पूर्वेला उताराच्या रानात लोक लावतात. वरंब्यावर लावायचं, सरीत नाही. मक्याच्या मुळात दोन दिवस पाणी तुंबलं की पानं पिवळी, आणि दिलेलं नत्र काही वाहून जातं, काही हवेत. म्हणून पावसाळ्यात युरियाचा हप्ता लहान आणि जास्त वेळा, उघडीप बघून. आठ दिवस झड लागणार असं दिसत असेल तर पिशवी फोडूच नका.

दुसरं, कच्च्या शेणखताबद्दल कुणीच लिहिलं नाही. आमच्या तांबड्या रानात हुमणी लई. अर्धवट कुजलेल्या उकिरड्यात तिच्या अळ्या वाढतात, आणि आपणच ट्रॉली भरून रानात सोडतो. मक्याचं उभं झाड सुकलं आणि ओढलं की मूळ कुरतडलेलं हातात येतं. खत पूर्ण कुजवा, पसरण्याआधी उलटून बघा, पांढऱ्या जाड अळ्या दिसल्या तर वेचून काढा. मेटारायझियम या मित्रबुरशीची पावडर शेणखतात मिसळून ओलसर ठेवून मग टाकतात, त्याचा उपयोग होतो.

गवा आणि रानडुक्कर यांना कसलं खत घातलं त्याचं काही पडलेलं नसतं. जंगलाच्या कडेला रान असेल तर कुंपणाचा खर्च आधी धरा, खताचा नंतर.

कृष्णाकाठ_अथणी

आमच्याकडं उलटं. पाऊस कमी, काळी खोल जमीन, चुनखडीची. तांबडमाती यांचं प्रमाण इथं तसंच लावू नये. चुनखडीच्या मातीत युरिया वर फेकला आणि पाणी दिलं नाही तर त्यातला बराच अमोनिया होऊन उडून जातो. मातीआड करा, नाहीतर लगेच पाणी सोडा. मी ठिबकवर करतो. पहिल्यांदा १२:६१:०, मग युरिया आठवड्याला थोडाथोडा, दाणे भरताना ०:०:५०. रोपाला हे फार मानवतं, कारण मूळ लहान असताना खत त्याच्याजवळच पडतं.

आणि जस्त. काळ्या रानात मक्याच्या नव्या पानांवर मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पांढरट पट्टे दिसले की जस्त कमी आहे. एकरी १० किलो झिंक सल्फेट शेणखतात मिसळून टाका. डीएपी किंवा १०:२६:२६ मध्ये मिसळू नका, स्फुरदाबरोबर ते बांधलं जातं.

साखर कारखान्याचा प्रेसमड, म्हणजे उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ, इकडे सहज मिळतो. स्वस्त आहे, चांगला आहे, पण ताजा नको. ताजा ढीग आतून तापलेला असतो आणि कुजताना रानातलंच नत्र ओढतो. शेणकाला घालून दोन-तीन महिने कुजवलेला वापरा.

धारवाडचा_विद्यार्थी

कृषी विद्यापीठात शिकतो, घर सांबऱ्याकडे. पानं मोजायचा मुद्दा मला पटला. फक्त पान कोणतं मोजायचं ते स्पष्ट करतो : ज्या पानाची कॉलर, म्हणजे पात्याच्या बुडाशी असलेली फिकट पट्टी, दिसते तेच पान मोजायचं. पोंग्यातलं मिटलेलं पान धरलं तर दोन पानांची गल्लत होते, आणि तेवढ्यात आठवडा जातो.

उपासमार ओळखायची असेल तर : खालच्या पानाच्या टोकापासून मधल्या शिरेवरून आत येणारा पिवळा पाचर दिसला तर नत्र कमी. खालच्या पानाच्या कडा करपल्या तर पालाश. कोवळ्या झाडाची पानं जांभळी पडली तर स्फुरद, पण थंडीतही पंधरा दिवस तसा रंग येतो आणि आपोआप जातो, तेव्हा घाई करू नका.

अजून एक, खताचा नसला तरी पिकाचा घात करणारा. शेजारी साधा मका, म्हणजे कन्नडमधला गोविनजोळ, त्याच वेळी तुऱ्यावर असेल तर त्याचा पराग पडून अतिगोड जातीचे दाणे पिष्टाचे, कडक होतात. त्याच कणसात, त्याच वर्षी. किमान २५० मीटर अंतर ठेवा, नाहीतर फुलोऱ्यात दोन-तीन आठवड्यांचा फरक पडेल अशी लागण करा. रोपाच्या लागणीला इथं खबरदारी जास्त घ्यावी लागते, कारण तुमचा तुरा शेजाऱ्याच्या अंदाजापेक्षा लवकर येतो.

माती तपासून घ्या. रयत संपर्क केंद्रात चौकशी करा, बैलहोंगल तालुक्यात मत्तीकोपला कृषी विज्ञान केंद्र आहे. पश्चिमेकडच्या रानाचा सामू (पीएच) फार खाली असेल तर चुन्याचं प्रमाणही त्या अहवालावरूनच ठरवा, अंदाजाने टाकू नका.

गोठा_आणि_रान

अळीचं राहिलं. अमेरिकन लष्करी अळी २०१८ साली देशात पहिल्यांदा आपल्याच राज्यात, कर्नाटकात, सापडली, तेव्हापासून मका म्हटलं की पोंगे बघणं आलंच. युरिया जास्त झालेलं हिरवंगार, मऊ झाड ती आधी धरते, असा माझा अनुभव. पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी विष्ठा दिसली की समजा. मी सुरुवातीलाच निंबोळीचं तयार औषध (ॲझाडिरॅक्टिन १५०० पीपीएम) मारतो, लिटरला ५ मिली.

आणि पालाशाचं. दादा, तुम्ही २६ किलो पालाश घालता, पण कणसं तोडल्यावर हिरवी ताटं कुठं जातात? मक्यातला बहुतेक पालाश ताटात असतो, कणसात कमी. वैरण विकली की तो गाडीत बसून गेला. माझी वैरण माझ्या गोठ्यात जाते आणि शेण-मूत होऊन परत त्याच रानात येते. तुमच्या हिशोबात ही ओळ नाही.

तांबडमाती

ही ओळ खरंच हवी होती, आणि ती तुमच्याकडूनच यायला हवी होती. आमच्याकडे बरेच जण ताटं उभीच विकतात, दूधवाले कापून नेतात. पैसे लगेच मिळतात म्हणून कुणी नाही म्हणत नाही. पण दोन-तीन हंगाम असं झालं की खालच्या पानांच्या कडा करपायला लागतात. गोमूत्रात पालाश भरपूर असतो. गोठ्याची मोरी गटारात न सोडता उकिरड्यात वळवली तरी बराच परत येतो. वैरण विकणाऱ्यानं पुढच्या पिकाला पालाश वाढवायलाच हवा, आणि बदल्यात त्या दूधवाल्याकडून शेणखत ठरवून घ्यावं. असा व्यवहार गावात सहज जमतो.

नवं_रान

सगळं वाचलं. शेजारच्या मामांनी साधा मका टोकलाय, त्याला पंधरा दिवस झालेत. आमचं भात अजून आठवडाभर तरी निघत नाही. मग चालेल?

धारवाडचा_विद्यार्थी

तुझं रोप ट्रेमधले बारा दिवस धरून मोज. आज ट्रे भरलेस तर दोन्हींच्या वयात पंधरा दिवसांचा फरक, पण स्वीट कॉर्न साध्या मक्यापेक्षा सहसा लवकर तुऱ्यावर येतो, म्हणजे फरक कमी होतो. मामांची जात कोणती, तिला तुरा किती दिवसांत येतो ते आधी विचार. मध्यम किंवा उशिरा येणारी असेल तर ट्रे आणखी आठवडा-दहा दिवसांनी भर. तोवर भातही निघेल आणि शेणखत मिसळायला सवड मिळेल.

गोठा_आणि_रान

तांबडमाती दादा, वाद घालण्यापेक्षा एक करू. अक्कांकडून एकाच दिवशी भरलेले ट्रे दोघं घेऊ. मी माझ्या रानात पाच गुंठे तुमच्या प्रमाणानं करतो, पिशवी आणणार नाही म्हणालो होतो तरी त्या तुकड्यापुरती आणतो. तुम्ही पाच गुंठे माझ्या पद्धतीनं करा, पण अर्धवट नको, पेंड आणि घनजीवामृत सगळं घाला.

तांबडमाती

कबूल. दोन्ही तुकडे एकाच रानात शेजारी-शेजारी हवेत, तुमच्या इथं दोन, माझ्या इथं दोन, नाहीतर फरक मातीचा की खताचा ते कळणार नाही. मध्ये चार ओळी सोडू. कडेची झाडं मोजायची नाहीत. कणसांचं वजन न सोललेलं आणि सोललेलं दोन्ही घ्यायचं, दाण्यांच्या ओळी मोजायच्या, टोक किती मोकळं राहिलं ते बघायचं. आणि खर्चात शेणखताची किंमत धरायची, घरचं असलं तरी.

ट्रेवाली_अक्का

दोघांचं मिळून वीस गुंठे, म्हणजे १८० ट्रे. भात कधी कापणार ते दोघांनीही कळवा. तुमच्या दोघांच्या तारखा जुळल्याशिवाय मी बी भिजवत नाही.